नाव एक

करवहीत तिची एकच ओळ:
ख्वारामझे, विधवा. नाव एक.
मीठ दोन पोती. बाकी.

कारकुनाने होडी मोजली असणार.
आठशे वर्षं झाली, ती बाकीच आहे.

संग्रहालयाचा बेसारिओन फोनवर म्हणाला,
"लामारा, दारातच उभी करायचीय तिला,
माणसाएवढी उंच. जरा देखणी काढ."
चेहरा कसा होता, विचारलं तर म्हणाला,
"त्याचेच तर पैसे देतोय ना तुला."

म्हणून कुताइसीहून सुटलेल्या मिनीबसमध्ये
मांडीवर टॅबलेट घेऊन खिडकीशी मी.
पेन टेकवावं तर खड्डा,
खड्डा चुकला तर चर्च,
आणि चर्च दिसलं की चालक स्टिअरिंग सोडून
तीनदा क्रूस करतो छातीवर.
त्या त्या जागी रेघ थरथरलीय.
मी ती पुसली नाही. प्रवासातली चित्रं
थोडी भ्यालेलीच असावीत.

पुलावर मधोमध बसलेल्या गाई,
दुकानाच्या दाराशी टांगलेल्या
द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या माळा,
पेट्रोलपंपावर निजलेलं कुत्रं, कानात पालिकेचा पिवळा बिल्ला:
हे सगळं भराभर येतं हातात.
ती येत नाही.

पहिली ख्वारामझे माझ्या मावशीवर गेली.
दुसरी साबणाच्या वेष्टनावर.
तिसरीला मी मुकुटच घातला,
हाताला सवय, दुसरं काय;
आजवर राण्याच काढल्या, पोट त्यांच्यावरच चालतं.
काचेवर दोन बोटं टेकवली की माघार:
मुकुट गेला,
कपाळ गेलं,
डोळे गेले,
उरला नुसता रिओनीचा थर,
हिरवट, राखी, कुणालाच न नेणारा.

पायांत सुलगुनी चीजचं पोतं धरून बसलेली शेजारीण
केव्हाची बघत होती.
त्सिउरी, म्हणाली, मी विचारलं नसताना.
"ही कोण?"
"नावाडीण."
"मग दोर असा धरते होय? चहाचा कप धरल्यासारखा?"
आणि माझ्याच मफलरचं टोक ओढून
मुठीला एक वेढा दिला, अंगठा वेढ्याच्या बाहेर.
"आत राहिला तर जातो. आमची गाय बिथरली होती एकदा.
हे बघ."
बघितलं.
वरचं पेर नव्हतंच.

मग आधी हात काढला.
हाताने मनगट ओढलं, मनगटाने खांदा,
मान उलट्या बाजूला ताणली गेली
आणि चेहरा आला तो त्या ओढीनेच,
दातांवर दात, एक डोळा बारीक,
पैलतीराकडे नाही, दोराकडे बघणारा.
देखणी नाही, बेसारिओन म्हणेल.
म्हणू दे.

अंगठा मी पूर्ण काढला होता.
नंतर अर्धा केला.
वहीत तसं काही लिहिलेलं नाही.
वहीत काय काय लिहिलेलं नाही.

त्रेचाळीस थर झाले.
सगळे एक करू का, यंत्राने विचारलं.
नको म्हटलं.
मावशी, साबणवाली, मुकुटवाली
असू देत खाली, नदीखालच्या गाळासारख्या,
हिचे पाय कशावर तरी टेकायला हवेत.

फाट्यावर त्सिउरी उतरली.
चित्र तिने मागितलं नाही, फोटोही काढला नाही.
पोत्यातून एक गोल, ओलसर गड्डा काढून
टॅबलेटवरच ठेवला, ख्वारामझेच्या तोंडावर,
"खा. हाडं दिसतात तुझी."
मी पाकीट काढेपर्यंत
दार लागलं, गाडी हलली,
पुढचं चर्च आलं.

काचेवर अजून खारट पाण्याचं वर्तुळ आहे.
पुसायला रुमाल आहे जवळ.
शेवटच्या थरावर, कोपऱ्यात,
कुणाला दिसणार नाही एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं:

त्सिउरी. आडनाव माहीत नाही.
सुलगुनी, गड्डा एक.
बाकी.